फॉरमॅट मारण्याआधी

आमची शाळा तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या अंगाला. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरहून निघालेलं भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं ते याच बाजूने, आणि सुरुवातीचीच चकमक नळदुर्गला झाली. ते दिवस आठवणारी काही माणसं २०२२ साली गावात होती. सातवीच्या लेकरांनी दोन महिने त्यांच्या ओसरीवर बसून मोबाइलवर एकवीस आठवणी रेकॉर्ड केल्या. १९४८ला दहा-अकरा वर्षांच्या असलेल्या एका आजींनी तोफांचा आवाज ऐकून ज्वारीच्या कणगीमागे लपल्याचं सांगितलं होतं. सगळ्या फायली मी शाळेच्या कॉम्प्युटरवर घेतल्या. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून लेकरांनी आपापल्या प्रती पुसल्या. दुसरीकडे प्रत ठेवायला हवी होती. ती मी ठेवली नाही.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनानंतर प्रोजेक्टरवर या आठवणींची चित्रफीत दाखवायची होती. आदल्या संध्याकाळी, उद्या काही अडायला नको म्हणून, मी कॉम्प्युटरला सगळे अपडेट दिले. लिनक्स मिंट होतं, कार्ड जुनं एनव्हिडियाचं. बंद करून सुरू केलं, तर स्क्रीन काळी.

पुढच्या तीन तासांत मी केबल बदलली, रॅम काढून खोडरबरने घासून बसवली, बायोसमध्ये दोन-तीन ठिकाणी हात घातला, कार्ड काढलं, परत बसवलं. एकातून दुसरं. कशाने काय झालं हे कळायची वाटच मी बुजवून टाकली. शेवटी आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर जे औषध देतात तेच दिलं: फॉरमॅट मारला. इन्स्टॉल करताना ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय मी निवडला. घाईत होतो, दमलो होतो, आणि फायली त्याच डिस्कवर आहेत हे माहीत असूनही त्या क्षणी डोक्यात आलं नाही. रात्री साडेअकराला स्क्रीन उजळली तेव्हा मला आनंद झाला, हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

झालं होतं एवढंच. लिनक्समध्ये ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, जखडलेला असतो. मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून तो घेतला, तर नवीन कर्नल आल्यावर त्याच्यासाठी ड्रायव्हर सहसा आपोआप पुन्हा बांधला जातो. मी मात्र काही महिन्यांपूर्वी चित्रफीत अडखळते म्हणून ड्रायव्हर थेट डाउनलोड करून हाताने बसवला होता. अपडेटमध्ये नवा कर्नल आला, हाताने बसवलेला ड्रायव्हर जुन्यापाशीच राहिला. जुना कर्नल डिस्कवर शाबूत होता. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरलं असतं (नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप दाबायचं), तर ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडायचा, मेनू आला असता. त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडायचा. दोन मिनिटांचं काम.

म्हणून स्क्रीन काळी झाली की पहिलं एवढं बघा: मशीन जिवंत आहे का? कॅप्स लॉक दाबून कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का ते पाहा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागितलं, तर तुमची डिस्क आणि सिस्टिम ठणठणीत आहे, फक्त चित्र दाखवणारा भाग अडला आहे. तेही आलं नाही, तरी मिंटच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा, इन्स्टॉल करू नका, आणि होम फोल्डरमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. दुरुस्तीला त्यानंतरच हात घाला.

जुना कर्नलही चालला नाही, तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडायचा आणि एफ१० दाबायचं. चित्र ढोबळ दिसतं, पण दिसतं. हा तात्पुरता टेकू आहे. हाताने बसवलेला ड्रायव्हर काढून ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधला बसवला की तो शब्द लागत नाही. कोणता ड्रायव्हर चालू आहे हे टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -के’ लिहिलं की कार्डाच्या नावाखाली दिसतं. आणि केबल? वेगळं कार्ड असेल तर ती कार्डाच्याच भोकात हवी, मदरबोर्डच्या नाही. हे मी तपासलं होतं, तेवढंच बरोबर केलं होतं.

सकाळी झेंडावंदन झालं. आठवणी नाहीत हे मी मुख्याध्यापकांना सांगितलं, लेकरांना सांगायला तोंड उघडेना. पेन ड्राइव्हवर मुक्तिसंग्रामावरचा एक माहितीपट होता, तो लावला. चित्र आलं, आवाज नाही. गणपतीत वापरलेला स्पीकर आणून जोडला, तरी नाही. लेकरं मुक्यानेच बघत राहिली.

इथेही काही बिघडलेलं नव्हतं. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, म्हणून ग्राफिक कार्ड स्वतःला साउंड कार्ड म्हणूनही मांडतं. लिनक्सला दोन साउंड कार्डं दिसतात: एक मदरबोर्डवरचं, एक ग्राफिक कार्डातलं. नव्या इन्स्टॉलने दुसरं निवडलं, आणि आवाज एचडीएमआयमधून प्रोजेक्टरकडे जात राहिला, ज्याला स्पीकरच नव्हता. आमचा स्पीकर मदरबोर्डच्या हिरव्या भोकात होता. साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट बदललं की झालं असतं.

आता आवाज गेला की मी आधी ‘एप्ले -एल’ देतो. कार्डांची यादी येते. यादीत कार्डच नसेल तर गोष्ट कर्नलची किंवा बायोसची, असेल तर बहुतेक वेळा निवडीची किंवा म्यूटची. ‘अल्सामिक्सर’ उघडून एफ६ने कार्ड निवडायचं. पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर ती बंद आहे, ‘एम’ दाबलं की खुली होते. तिथे ‘ऑटो-म्यूट’ही असतं, समोरच्या भोकात हेडफोन असला की मागचा स्पीकर ते गप्प करतं. ‘नोमोडसेट’वर चालवत असाल तर एचडीएमआयचा आवाज सहसा मिळत नाही, तिथे शोधत बसू नका.

फायलींचं पुढे असं झालं. चार दिवसांनी कळलं की फॉरमॅट झालेल्या डिस्कवरूनही ‘फोटोरेक’ या प्रोग्रामने फायली परत मिळू शकतात, पण त्यांच्या जागेवर नवीन काही लिहिलेलं नसेल तरच. मी तर पूर्ण सिस्टिम आणि चार दिवसांचं काम तिच्यावर ओतलं होतं. जुनी फिरती हार्ड डिस्क होती म्हणून आशा तरी होती. एसएसडी असती तर ट्रिममुळे तीही नसती. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, रात्रभर शोध चालला. नऊ फायली मिळाल्या, नावं गेलेली, नुसते आकडे. एकेक ऐकून आवाजावरून माणूस ओळखला. आजींची फाईल त्यात नव्हती.

लेकरांना मग सगळं सांगितलं. ती पुन्हा वेशीपासून सुरू झाली, घरोघर गेली. दोघे तोवर राहिले नव्हते. आजी होत्या. कणगी त्यांना आठवली, पण तोफांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “मागं सांगितलं होतं की रे तुम्हाला.”

मिंटचं ‘टाइमशिफ्ट’ आता रोज चालतं, पण ते मुळात सिस्टिम जपतं, होम फोल्डर नाही. वाचलेल्या आणि नव्याने केलेल्या रेकॉर्डिंगच्या प्रती तीन जागी आहेत: शाळेच्या कॉम्प्युटरवर, मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या डिस्कवर आणि आजींच्या नातवाच्या फोनमध्ये.