राखीव प्रतीचे मोल

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज ही गजबजलेली वस्ती आहे. दिल्लीतील मराठी माणूस तिला बृहन्महाराष्ट्र भवनामुळे आणि नूतन मराठी शाळेमुळे ओळखतो. देशोदेशीचे प्रवासी तिला तेथील लहानमोठ्या अतिथिगृहांमुळे ओळखतात. अशा अतिथिगृहाच्या दर्शनी मेजावर पूर्वी एक जाडजूड नोंदवही असे. आज तिची जागा संगणकाने घेतली आहे. पाहुण्याचे नाव, त्याच्या ओळखपत्राचा क्रमांक, भाड्याची पावती, कराचा हिशेब आणि पुढील महिन्यांची आरक्षणे हे सर्व हार्ड डिस्क नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या एका डबीत साठविलेले असते.

या नोंदी केवळ मालकाच्या सोयीसाठी नसतात. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत शासनास कळवावी लागते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. शिवाय, हिशेब संगणकावर असेल तर त्याची राखीव प्रत ठेवावी आणि अपघाताने मूळ नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत माहिती पुन्हा उभी करता यावी, असेही याच कराचे नियम सांगतात. अशी डबी एके दिवशी बंद पडली, तर नेमके काय गमावले जाते, आणि ते परत मिळविण्यास किती मोल द्यावे लागते, याचा विचार आपण या प्रकरणात करणार आहोत.

वस्तूची किंमत आणि माहितीची किंमत

एक उदाहरण घेऊ. एका काल्पनिक अतिथिगृहात दररोज ३० नोंदी होतात आणि प्रत्येक नोंदीस ३ मिनिटे लागतात, असे समजा. म्हणजे रोजचे ९० मिनिटांचे काम झाले. वर्षभरात १०,९५० नोंदी होतील. त्या सर्व पुन्हा लिहावयाच्या झाल्यास ३२,८५० मिनिटे, म्हणजे सुमारे ५४७ तास लागतील. रोज आठ तास काम करणाऱ्या एका कारकुनाचे हे ६८ दिवसांचे श्रम होत. नवी हार्ड डिस्क बाजारातून तासाभरात आणता येते. हे ६८ दिवस बाजारात मिळत नाहीत.

आणि हा हिशेबही फार उदार आहे. कागदावरची मूळ पावती हाताशी आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. जी नोंद प्रथमपासून संगणकावरच झाली, तिची नक्कल कशावरून करणार? आलेला पाहुणा निघून गेला. त्याला पुन्हा बोलावून विचारणे शक्य नसते. म्हणून हरवलेल्या माहितीचे दोन भाग मानावे लागतात : श्रमाने पुन्हा तयार होणारी माहिती आणि कोणत्याही श्रमाने पुन्हा तयार न होणारी माहिती. पहिलीची किंमत तासांत मोजता येते. दुसरीची मोजता येत नाही.

याच गणितावरून प्रत किती दिवसांनी काढावी, हेही ठरविता येते. रोज प्रत काढणाऱ्याचे जास्तीत जास्त एका दिवसाचे, म्हणजे ९० मिनिटांचे काम बुडेल. आठवड्याने काढणाऱ्याचे साडेदहा तासांचे बुडेल. आपण किती काम पुन्हा करण्यास तयार आहोत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर हीच दोन प्रतींमधील योग्य मुदत होय.

पुसलेले परत कसे मिळते

माहिती परत मिळविण्याचे शास्त्र आहे, परंतु त्याला मर्यादा आहेत. फाईल पुसण्याची आज्ञा दिली म्हणजे हार्ड डिस्कवरील मजकूर सहसा लगेच नाहीसा होत नाही. ग्रंथालयात पुस्तक फडताळावरच राहावे आणि फक्त सूचीतील त्याचे कार्ड फाडले जावे, तसे ते असते. मोकळी झालेली जागा दुसऱ्या मजकुराने व्यापली जाईपर्यंत जुना मजकूर शोधून काढता येतो. म्हणूनच चुकीने काही पुसले गेल्यास त्या संगणकावर पुढे काहीही लिहू नये. एकदा त्या जागी नवे लिहिले गेले की जुने परत मिळण्याची आशा उरत नाही.

यंत्रच बिघडले असेल तर प्रश्न अधिक अवघड होतो. हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय तबकड्या अतिशय वेगाने फिरत असतात, आणि वाचन करणारे शीर्ष त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. ते तबकडीस घासले की मजकूर खरवडला जातो. अशी डबी धूळविरहित खोलीत उघडावी लागते, त्याच जातीच्या दुसऱ्या डबीतून सुटे भाग घ्यावे लागतात, आणि मग तबकडीची नक्कल कणाकणाने उतरवून घ्यावी लागते. या कामाचा मोबदला नव्या डबीच्या किमतीच्या अनेक पट होऊ शकतो. तरीही यशाची हमी देता येत नाही. कट्कट् आवाज करणारी डबी पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे हे तर हानीत भर घालणेच होय.

फिरती तबकडी नसलेल्या नव्या धर्तीच्या डिस्कमध्ये, ज्यांना एसएसडी म्हणतात, परिस्थिती आणखी वेगळी असते. फाईल पुसली जाताच संगणक ती जागा मोकळी झाल्याची सूचना डिस्कला देतो आणि डिस्क ती जागा आपण होऊन साफ करून ठेवते. जुन्या यंत्रात जी आशा होती, ती येथे बहुधा नसते.

दिल्लीतील एक प्रसंग

संकट यंत्राच्या बिघाडातूनच येते असे नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे एम्समधील, संगणकांवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध करण्यात आली. म्हणजे माहिती जागेवरच होती. परंतु ती जणू अनोळखी कुलपात बंद झाली होती. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या रुग्णांची नोंदणी आणि तपासणीचे अहवाल ही कामे हाताने, कागदावर करावी लागली.

या प्रसंगी संस्थेस तारले ते राखीव प्रतीने. हल्ल्यातून बचावलेल्या एका राखीव सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल या प्रणालीतील सर्व माहिती परत मिळविण्यात आली आणि ती नव्या सर्व्हरांवर बसविण्यात आली, असे डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले. तथापि नोंदणी, दाखला, रजा यांसारखी बहुतेक कामे पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. प्रत नसती तर झालेली हानी भरून निघाली नसती. आणि प्रत असूनही ती पुन्हा कामास लावण्यास वेळ लागतो. तो वेळही किमतीत धरला पाहिजे.

प्रत कोठे ठेवावी

ही समस्या संगणकाबरोबर जन्मास आलेली नाही. महाराष्ट्रात पूर्वी गावाचा हिशेब कुलकर्णी ठेवीत असे आणि परगण्याचा देशपांडे. गावचे दप्तर जळाले तरी परगण्याच्या दप्तरात काही आधार सापडण्याची शक्यता असे. मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागली, पाच जण मृत्युमुखी पडले आणि हजारो फायली जळाल्या. त्या पुन्हा उभ्या करताना खालच्या कार्यालयांत असलेल्या प्रतींचाच आधार शोधावा लागला.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील देजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्रास आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे जेथे साठविली जात, ती ८५८ टेराबाइटची प्रणाली तीत नष्ट झाली. माहितीचा आकार फार मोठा असल्याने तिची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. जी माहिती सर्वांत मोठी, तिचीच प्रत काढणे महाग वाटले आणि तीच गेली.

म्हणून मूळ आणि प्रत एकाच मेजाच्या खणात असता कामा नये. संगणकास कायम जोडून ठेवलेली प्रतही अपुरीच. कारण एम्समध्ये झाला तसा हल्ला जोडलेल्या डिस्कपर्यंत सहज पोहोचू शकतो.

न तपासलेली प्रत

शेवटचा मुद्दा अनेकांच्या नजरेतून निसटतो. आज्ञावली लिहिणाऱ्यांचे काम साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. प्रत राखण्याच्या पाच पद्धती तेथे योजिलेल्या होत्या. प्रसंगी त्यांतील एकही भरवशाची ठरली नाही. रोज निघावयाची प्रत निघतच नव्हती, आणि तसे कळविणारी ईमेलपत्रे कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. अन्य कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेली एक प्रत उपयोगी पडली. मधल्या सहा तासांची माहिती मात्र कायमची गेली. ही सर्व हकीकत कंपनीने स्वतःच जाहीर केली.

यासाठी जाणकारांनी एक सोपा नियम सांगितला आहे : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. पहाडगंजच्या आपल्या व्यवस्थापकास याचा अर्थ इतकाच, की एक प्रत संगणकावर, एक रोज सायंकाळी जोडून लगेच काढून ठेवावयाच्या डिस्कवर, आणि एक इंटरनेटद्वारे दूरच्या साठ्यात किंवा मालकाच्या घरी असावी. महिन्यातून एकदा त्याने राखीव प्रतीतून गेल्या महिन्याची कोणतीही एक पावती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ती उघडली आणि तिच्यावरील आकडे मूळ पावतीशी जुळले, म्हणजे प्रत सुस्थितीत आहे असे मानावे. जुळले नाहीत, तर दोष त्याच दिवशी शोधावा, कारण त्या वेळी मूळ अजून शाबूत असते.