छायाचित्रांतील रेघ

आकाशाचें छायाचित्र घेतांना दुर्बीण ताऱ्यांच्या गतीनें फिरती ठेवितात. तेणेंकरून तारे बिंदुरूप उमटतात. अशा चित्रांत बारीक रेघ दिसली, तर ती ताऱ्याची नव्हे. कृत्रिम उपग्रहाची असेल, किंवा लघुग्रहाची.

२३ फेब्रुवारी २०१२ रोजीं स्पेनमधील ला साग्रा वेधशाळेनें '२०१२ डीए १४' हा लघुग्रह शोधिला. शोधकांपैकीं एक गृहस्थ पेशानें दंतवैद्य! वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं, तो भूपृष्ठापासून सुमारें २७,७०० किलोमीटरांवरून गेला. भूस्थिर उपग्रहांच्याहि अलीकडून. नुसत्या डोळ्यांस तो अदृश्य होता. परंतु अनेक देशांतील हौशी निरीक्षकांनीं त्याची रेघ टिपली.

चित्र सुंदर असून भागत नाहीं. रेघेच्या टोकांचीं स्थानें शेजारच्या ताऱ्यांवरून मोजावीं लागतात, आणि वेळ अचूक नोंदावी लागते. तो सेकंदास जवळजवळ आठ किलोमीटर धांवत होता. घड्याळ एक सेकंद चुकल्यास गणितांत तितकाच फरक पडावयाचा! विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

त्याच दिवशीं, कांहीं तास आधीं, रशियांतील चेल्याबिन्स्क शहरानजीक सुमारें २० मीटर रुंदीचा दुसराच पाषाण आकाशांत फुटला. खिडक्यांच्या काचा फुटून व अन्य कारणांनीं सुमारें १,५०० माणसें जखमी झालीं. तो सूर्याच्या बाजूनें आला होता. त्याची रेघ आधीं कोणाच्याहि चित्रांत उमटली नव्हती.