नव्या बागेच्या पहिल्या वर्षाविषयी

सातारा,
आषाढ शुद्ध ५

चिरंजीव अनिरुद्ध यास आप्पाकाकांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे पोहोचली. घराभोवतीची बाग आठवड्याभरात उभी राहिली, अंगणात मेक्सिकन लॉनचे तुकडे अंथरले गेले, आणि केसर आंब्याची कलमे, सोनचाफा, अनंत, मोगरा व कुंपणालगतची जास्वंदीची रांग अशी सारी मंडळी उरुळी कांचनच्या रोपवाटिकेतून एकाच ट्रकने येऊन आपापल्या जागी स्थानापन्न झाली, हे वाचून संतोष वाटला. परंतु मक्तेदाराने हिशेब चुकता करून घेऊन ‘आता रोज दोन्ही वेळा भरपूर पाणी घालत जा’ एवढाच उपदेश तुझ्या पदरात टाकला आणि काढता पाय घेतला, हे कळल्यावर हे लांबलचक पत्र लिहिणे मला प्राप्तच झाले. कारण नव्या बागा तहानेने मरतात त्याहून अधिक अशा भरपूर पाण्याने मरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोपवाटिकेतले झाड लाल मातीच्या पिशवीत वाढलेले असते. ती मातीची हुंडी तुझ्या काळ्या जमिनीतल्या खड्ड्यात ठेवली की पाहणारास झाड लागले असे वाटते. पण त्याची यच्चयावत मुळे अद्याप त्या वीतभर हुंडीतच वस्तीला असतात, आणि दोन मातींचे स्वभाव भिन्न असल्यामुळे भोवतालची काळी माती ओलीचिंब असतानाही मधली हुंडी ठणठणीत कोरडी राहू शकते, किंवा उलटपक्षी त्या चिकण खड्ड्यात पाणी कोंडून हुंडीतली मुळे हवेवाचून गुदमरतात व कुजू लागतात. दोन्ही प्रसंगी वरचे लक्षण एकच: पाने माना टाकतात. यजमान घाबरून नळी सोडतो आणि बुडत्या झाडाला आणखी बुडवतो. म्हणून पाण्याचा हुकूम सोडण्यापूर्वी जमिनीची रुजुवात घ्यावी. बुंध्यापासून चार बोटांवर बांबूची बारीक काडी वीतभर खोल खुपसून बाहेर काढ. तिला ओली माती चिकटून आली तर त्या दिवशीचे पाणी तहकूब. कोरडी आली तर बुंध्याजवळ, थेट हुंडीवर, सावकाश पाणी दे. पुण्याकडचा आषाढातला पाऊस पुष्कळदा नुसता भुरभुरतो. अंगण भिजते, पाने चकचकीत होतात, आणि मुळाशी थेंब पोहोचलेला नसतो. तेव्हा पावसाच्या भरवशावर काडीला रजा देऊ नकोस.

महिन्या-दीड महिन्याने नवी पालवी दिसू लागली की आळे हळूहळू रुंदावत न्यावे आणि बुंध्याशी मातीची उंच चढण करून पाणी त्यापासून दूर ठेवावे, म्हणजे ओलीच्या मागे मुळे बाहेरच्या मातीत उतरतात. खरी कसोटी पुढे आहे. सप्टेंबरअखेर पाऊस बंद होतो, ऑक्टोबरचे ऊन चटके देऊ लागते, आणि जमीन अजून ओली असेल अशा समजुतीत आपण गाफील राहतो. बेसाल्टचा खडक झिजून झालेली ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. त्या भेगांबरोबर कोवळी तंतुमुळे तटातट तुटतात. यावर वाळलेल्या पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन यापरता दुसरा उपाय मला ठाऊक नाही. ते बुंध्याला मात्र टेकवू नकोस, नाहीतर साल कुजते आणि वाळवीला आयते बिऱ्हाड मिळते.

खताची घाई नको. नव्या तालुक्यात बदलून आलेल्या कारकुनाचे बिऱ्हाड लागेपर्यंत त्याच्यापुढे दप्तराचा ढीग ठेवू नये, तसेच या झाडांचे आहे: युरिया घालून पालवीचा तगादा लावलास तर पाने येतील, पण त्यांना पोसण्यास मुळे कोठून आणशील? शेणखत द्यायचे तर पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणाच्या मागोमाग हुमणी येते.

छायाचित्रात पश्चिमेच्या कोपऱ्यातला अनंत पिवळा दिसतो. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या. गवंड्यांनी सिमेंट-वाळूचा माल तेथेच कालवला होता ना? नव्या घराच्या बागेत मातीच्या दोन टोपल्यांखाली बहुधा राडारोडा पुरलेला असतो, आणि सिमेंटच्या चुन्याने माती अशी होते की असलेले लोहही झाडाला घेता येत नाही. तेथे औषधांच्या बाटल्या ओतणे व्यर्थ. पावसाची उघडीप पाहून अनंत हुंडीसकट उचल, खड्डा दीड हात खोदून ढिगारा बाहेर काढ, आणि नवी माती भरून मगच तो पुन्हा लाव. त्याच वेळी हुंडीभोवती प्लॅस्टिकची पिशवी राहिलेली नाही ना, तेही पाहून घे. घाईतले मजूर तिला नुसती चीर देऊन झाड पिशवीसह पुरतात.

आंबा आणि सोनचाफा ही कलमे आहेत. जोडाच्या खाली, खुंटावर, जो फुटवा येईल तो कितीही टवटवीत असला तरी दिसताक्षणी खुडून टाक. त्याला माया लावलीस तर वरचे कलम उपाशी मरेल आणि पुढे केसरच्या ठिकाणी रायवळ आंबा खात बसशील.

आता लॉन. त्याच्याविषयी मला फारसे प्रेम नाही, हे तू जाणतोसच. वैशाखात गावोगाव टँकरची वाट पाहिली जात असता अंगणभर गवताला पाणी पाजणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि तू ते निम्म्यावर आणलेस तर मी समाधानच मानीन. पण लावलेच आहे तर नीट लागू दे. पहिले दोन-तीन आठवडे तुकड्यांची खालची बाजू सुकता कामा नये आणि कोणी त्यावरून चालता कामा नये. मग एका तुकड्याचा कोपरा हलकेच उचलून पाहा: तो सहज सुटून आला तर अजून अवकाश आहे, आणि खालच्या पांढऱ्या मुळ्यांनी माती धरून ठेवली असेल तर पाण्याच्या पाळ्या कमी करून प्रत्येक पाळी खोल भिजेल अशी दे. पहिली कापणी त्यानंतरच, धारदार पात्याने, उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नाही. सांध्यांच्या फटींत चाळलेली माती व शेणखत भरावे. रोपवाटिकेच्या मातीतून लव्हाळाही आलेला असणार. तो वरून उपटल्यास तुटतो आणि जमिनीतल्या गाठीतून पुन्हा उगवतो, सबब खुरप्याने गाठीसकट काढावा.

एक कामाची गोष्ट राहिली. मक्तेदाराच्या पावतीवर मेलेले झाड बदलून देण्याची मुदत लिहिली आहे काय, ते पाहा. असल्यास ती सरण्यापूर्वी पानगळ झालेल्या प्रत्येक झाडाच्या सालीवर नखाने बारीक ओरखडा काढ: आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे, त्याला मुकाट्याने राहू दे, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तपकिरी आणि कोरडे असेल तर तेवढ्यांची यादी करून त्याच्याकडे लेखी मागणी कर.

सौ. मीनलला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
आप्पाकाका