नाईटच्या सिस्टर

अतिदक्षता विभागातील परिचारिकेचे बहुतेक काम नातेवाइकांना दिसत नाही. काचेतून दिसतो तो मॉनिटर, कानावर येतात ते त्याचे अलार्म. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, व्हेंटिलेटरच्या नळीतून सक्शन करणे, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवणे, तोंड स्वच्छ करणे, गुंगीतल्या रुग्णाचे डोळे कोरडे पडू न देणे, लघवीचे माप तासातासाला लिहिणे, ही कामे रात्रभर चालू असतात. ती नीट झाली की काहीच घडत नाही, आणि म्हणूनच ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३ पासून अंथरुणाला खिळल्या होत्या. सदतीस वर्षे उलटूनही त्यांना बेडसोर झालेला नाही, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. त्यासाठी किती हातांनी किती वेळा कूस बदलली असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

प्रस्तुत लेखकाच्या घरचा अनुभव याच न दिसणाऱ्या कामाचा आहे. न्यूमोनियामुळे वडील व्हेंटिलेटरवर होते. भरती करताना त्यांची अंगठी, चष्मा आणि कानाचे मशीन घरच्यांच्या हाती देण्यात आले. हरवायला नको म्हणून तिन्ही वस्तू कपाटात गेल्या. गुंगीचे औषध कमी केल्यावर वडील नळ्या ओढू लागले आणि त्यांचे हात बांधावे लागले. या भ्रमिष्ट अवस्थेला डेलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या वयस्क रुग्णांत ती नेहमी आढळते. ऐकू न येणे, नीट न दिसणे, दिवस-रात्रीचे भान सुटणे यांमुळे ती बळावते. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांनी मात्र दोष सिस्टरांना दिला, तोही चढ्या आवाजात.

त्या रात्री ड्यूटीवर आलेल्या सिस्टरांनी बाहेर येऊन विचारले, "बाबांना ऐकायला कमी येतं का हो?" मशीन घरी आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग सकाळची वाट नका बघू. कोणाला तरी पाठवा." मध्यरात्रीनंतर डबी आली. मशीन कानात बसले, चष्मा डोळ्यांवर आला. सिस्टरांनी एका पाठकोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो समोर धरला : "आज मंगळवार. तुम्ही दवाखान्यात आहात. नळीमुळे बोलता येत नाही. मुलगी बाहेर बसली आहे." वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्याचे काचेतून दिसले. पहाटे त्यांचा उजवा हात सोडलेला होता.

दागिने आणि पैसे घरी न्यावेत, हे बरोबरच. पण चष्मा व कानाचे मशीन नावाची पट्टी चिकटवून, जादा सेलसह विभागातच द्यावे आणि दिल्याची नोंद करून घ्यावी. रुग्णाला घरात काय म्हणतात, कोणती भाषा कळते, कोणत्या कुशीवर झोप लागते, हेही लिहून द्यावे. केरळहून आलेल्या सिस्टरांनी "अण्णा" अशी हाक मारली, तर रुग्ण डोळे उघडण्याची शक्यता "पेशंट" म्हणण्यापेक्षा नक्कीच जास्त.

आभार मानण्यातही चूक झाली. डिस्चार्जच्या दिवशी दोन किलो पेढे नेले. ते सकाळच्या पाळीत संपले. रात्रीच्या सिस्टर तेव्हा सुटीवर होत्या. पैशांचे पाकीट इन्चार्ज सिस्टरांनी उघडलेसुद्धा नाही. सरकारी रुग्णालयातील अधिपरिचारिकेला तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि भेटी घेण्यावर त्यांत बंधने आहेत; पाकीट पुढे करून तिला अडचणीत आणू नये. अखेर पत्र लिहायचे ठरले तेव्हा दोन महिने लोटले होते आणि नाव कोणालाच ठाऊक नव्हते. नावाचा बिल्ला कायम गाऊनखाली झाकलेला, आणि घरात त्यांचा उल्लेख "नाईटच्या सिस्टर" एवढाच.

नाव माहीत नसले तरी तारीख, पाळी आणि बेड नंबर कळवला की ड्यूटी चार्टवरून ते शोधता येते; मात्र हे तपशील त्याच दिवशी टिपून ठेवायला हवेत. पत्र मेट्रनच्या नावे द्यावे आणि त्याची प्रत त्या परिचारिकेला मिळावी, अशी विनंती त्यात करावी. "उत्तम सेवा" हे शब्द कोणालाही चिकटवता येतात. डबी, मंगळवारचा कागद, सोडलेला हात यांची गोष्ट एकीचीच असते.

रुग्ण बरा होण्याची अट या पत्राला नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये पॅट्रिक बार्न्स हे रक्तातील प्लेटलेट घटवणाऱ्या आजाराच्या गुंतागुंतीने वयाच्या ३३व्या वर्षी गेले. परिचारिकांनी त्यांची जी शुश्रूषा केली, तिच्याबद्दलच्या कृतज्ञतेपोटी त्यांच्या कुटुंबाने डेझी पुरस्कार सुरू केला. त्यासाठी रुग्ण आणि नातेवाईकही परिचारिकेचे नाव सुचवू शकतात. सोबत तिने काय केले, तो प्रसंग लिहून द्यायचा असतो.