झोपलेलं मूल ऐकत असतं



"आमची भांडणं होतात, नाही असं नाही, पण मुलं झोपल्यावर." पालकसभेत घरातल्या ताणतणावांचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी हमखास म्हणतं. त्यामागची काळजी खरी असते. पण भिंतीपलीकडचा चढलेला आवाज, सकाळी आईचे सुजलेले डोळे, बाबांचं खाली मान घालून चहा पिणं, एवढ्यावरून चार वर्षांचं मूलसुद्धा काय ते समजून घेतं. ते भातुकली खेळत असताना एकदा कान देऊन ऐका. "मला न विचारता गेलीसच कशी?" असं बाहुलीला कुणाच्या सुरात दटावलं जातंय, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आज मला तुमच्याशी बोलायचंय ते याच विषयावर, आणि त्यासाठी थोडं दूर न्यूझीलंडला जायचंय. तिथल्या ड्युनेडिन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या वर्षात एकाच प्रसूतिगृहात जन्मलेल्या मुलांपैकी १,०३७ मुलं वयाच्या तिसऱ्या वर्षी एका अभ्यासात सामील झाली. फिल सिल्वा यांनी तो सुरू केला, तेव्हा मुलांचं आरोग्य आणि वाढ समजून घ्यायची होती. मग पाचव्या वर्षी, सातव्या, नवव्या असं करत ती पुन्हा पुन्हा बोलावली गेली. ती ४५ वर्षांची झाली तेव्हा हयात असलेल्यांपैकी ९३८ जण, म्हणजे ९४ टक्के, तपासणीला आले. परदेशी गेलेल्यांना अभ्यासाच्या खर्चाने विमानाने आणतात. सांगितलेलं बाहेर जाणार नाही, हा विश्वास इतक्या वर्षांत जमलेला आहे, म्हणूनच माणसं एरवी कुणाजवळ न बोललेलं तिथे बोलतात.

तीन वर्षांचं मूल चाचणीला यायचं तेव्हा सोबतची आई त्याच्याशी कशी वागते, हेही निरीक्षक टिपत. त्याला आडदांडपणे ओढते का, ते अडलं तर मदत करते का, सतत टाकून बोलते का. सातव्या आणि नवव्या वर्षी आईवडिलांना विचारलं गेलं की मूल ऐकेनासं झालं की तुम्ही काय करता. ओरडता, फटका देता, हातात येईल त्याने मारता? ही उत्तरं कागदावर राहिली.

हीच मुलं २६ वर्षांची झाल्यावर मात्र त्यांना थेट विचारलं गेलं. सुमारे ८० टक्के तरुणांनी सांगितलं की लहानपणी मार बसला होता. ४५ टक्क्यांना हाताऐवजी एखाद्या वस्तूने मारलं गेलं होतं आणि ६ टक्क्यांना बसलेला मार भयंकर म्हणावा असा होता. आईवडिलांपैकी एकाने दुसऱ्यावर हात उचलला किंवा तशी धमकी दिली, असं सांगणारे जवळपास एक चतुर्थांश होते. ही काही पोलिसांच्या दप्तरातून निवडलेली घरं नव्हती. एका शहरात एका वर्षी जन्मलेली, सगळ्या थरांतली मुलं होती. चौकीत, दवाखान्यात किंवा कोर्टात जे कधी पोचत नाही, ते अशा अभ्यासात सापडतं. मला हे काम फार मोलाचं वाटतं ते यासाठीच.

तुम्ही म्हणाल, मोठ्यांनाच विचारायचं तर त्यासाठी जन्मापासून मागे कशाला लागायचं? कारण आठवण दगा देते. ड्युनेडिनच्या संशोधकांनी लहानपणी टिपलेल्या नोंदी आणि मोठेपणी सांगितलेल्या आठवणी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा दोन्हींचा मेळ बेताचाच बसला. नोंदींत जे सोसल्याचं दिसतं ते काहींना आठवत नाही, आणि काहींनी जे सांगितलं ते नोंदींत कधी आलंच नव्हतं. तरीही लहानपणी नोंदलेल्या वाईट अनुभवांचा मोठेपणीच्या तब्येतीशी संबंध दिसतोच. म्हणून "लहान होता, विसरून जाईल" या समजुतीवर मूल सोडू नका.

ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका अभ्यासाने आणखी पुढची गाठ सोडवली. १९९४-९५ मध्ये जन्मलेल्या जुळ्यांच्या अकराशेहून अधिक कुटुंबांना संशोधक घरी जाऊन भेटत आले आहेत. तुमच्या नवऱ्याने किंवा जोडीदाराने कधी ढकललं, मारलं का, हे ते आईला विचारत. ज्या घरांत अशी हिंसा खूप होती, तिथल्या पाच वर्षांच्या मुलांचा बुध्यंक इतरांपेक्षा सरासरी ८ गुणांनी कमी निघाला. हे आनुवंशिक असेल, अशी शंका येणारच. जुळ्यांमुळे ती तपासता आली, आणि आनुवंशिकतेचा वाटा बाजूला काढल्यावरही हिंसेचा परिणाम उरला.

इथे तुमच्यापैकी काहींच्या पोटात गोळा आला असेल. "मी स्वतः मार खाऊन वाढलो, मग मीही तसाच होणार का?" त्याच अभ्यासात याचं उत्तर आहे. लहानपणी छळ सोसलेल्या ज्या आयांना विश्वासाचा, आधार देणारा जोडीदार मिळाला आणि ज्या आपल्या मुलांशी मायेने वागल्या, त्यांच्या मुलांच्या वाट्याला ते दुःख येण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे बायकोला, सुनेला, लेकीला घरात मिळणारा आधार थेट नातवंडांपर्यंत पोचतो. सासू-सासऱ्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. हे विचारताना एका घरातल्या एकाच बाईशी बोलतात, तेही एकांतात. कुणी जवळ आलं तर विषय थांबवतात. तुझे वडील आईला मारायचे का, हाही प्रश्न त्यात असतो आणि "हो" म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या संसारातही हिंसा बरीच जास्त आढळते. पण सर्वेक्षण एकदाच भेटतं. त्या घरातल्या मुलाचं पुढे काय झालं, ते त्यातून कळत नाही.

वर्षानुवर्षं मुलांच्या मागे राहण्याचं काम आपल्याला नवं नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पोषण व मधुमेहाच्या अंगाने अभ्यास चालवला आहे. अशा अभ्यासांत घरातल्या हिंसेचे प्रश्नही यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एवढीच, की विचारणारी व्यक्ती शिकलेली हवी, एकांत हवा, आणि उत्तर ऐकून नुसती खूण करून पुढे न जाता मदतीचा पत्ता हातात द्यायला हवा. विचारून सोडून देणं हा त्या बाईवर आणि मुलावर आणखी एक अन्याय आहे.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. आशाताई, नर्सबाई, शाळेतल्या समुपदेशक किंवा सर्वेक्षणाला आलेली मुलगी असं काही विचारू लागली, तर "घरातलं घरात" म्हणून तिला वाटेला लावू नका, खरं सांगा. आणि काल रात्री आवाज चढला असेल, तर आज मुलाला जवळ घेऊन सांगा, "आमचं भांडण झालं, ते तुला ऐकू आलं असेल. त्यात तुझी काही चूक नाही." मग ते जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. गोष्ट हाताबाहेर गेली असेल, तर मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक मोफत आहेत, चोवीस तास लागतात. ते आजच मुलांकडून पाठ करून घ्या.