नाबोथाचा मळा

मनोरी, रविवार

प्रिय बाळा,

खाडीकडचं भातशेत तू विकायला काढलंस, हे मला मार्व्याच्या फेरीबोटीत परक्या बाईकडून कळावं? त्याचंही एवढं नाही. पण ती पुढे म्हणाली, हक्कसोडपत्र झालंय आणि त्यावर तुझ्या बहिणीची सही आहे. ती पोर मस्कतच्या इस्पितळात रात्रपाळ्या करते, गेल्या नाताळानंतर इकडे आलेली नाही. मग सही कुणी केली?

तू म्हणशील, कागद एजंटाने केले, मला काय ठाऊक. बायबलमधलं राजांचं पहिलं पुस्तक काढ, एकविसावा अध्याय. अहाब राजाला वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. पैसे देतो म्हणाला, बदल्यात चांगला मळा देतो म्हणाला. वाडवडिलांचं वतन मी देणार नाही, असं नाबोथाने सांगितलं. राजा तोंड फिरवून उपाशी पडून राहिला. पुढचं सगळं त्याच्या राणीने, ईजबेलने केलं: राजाच्या नावाने पत्रं लिहिली, खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी मारवलं. अहाबाने कशाला हात लावला नाही. तो फक्त उठला आणि मळा ताब्यात घ्यायला गेला. एलीया संदेष्टा त्याला त्या मळ्यातच भेटला, आणि देवाने खुनाचा जाब अहाबालाच विचारला. पत्रांवर शिक्का त्याचा होता ना! चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नको. एका मळ्यापायी किती आज्ञा मोडल्या बघ.

देवाची आज्ञा मोडली की वीज पडते, होडी बुडते, असं आम्हाला लहानपणी वाटायचं. चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात वेगळं सांगितलंय: पापाची शिक्षा म्हणजे देवाने बाहेरून उगवलेला सूड नव्हे, ती पापाच्या अंगातूनच येते. मी ती आपल्याच घरात पाहिली आहे. माझ्या लग्नाच्या गडबडीत तुझ्या बाबाने माझ्यापुढे असाच कागद ठेवला होता. आपल्या ख्रिस्ती लोकांत मुलीचा वाटा मुलाएवढाच, १९२५च्या वारसा कायद्याने. मला ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला दुसऱ्या पाखाडीत दिलं होतं, खाऊनपिऊन सुखी होते. पण भाऊ बदलला. मी माहेरी गेले की तो जाळी बघायला निघून जायचा. मिस्साला शेवटच्या बाकावर बसायचा, कम्युनियनला उठायचा नाही. एकदा त्याचा हात धरून म्हणायला हवं होतं, भाऊ, बस, बोल माझ्याशी. गप्प राहणं म्हणजे चांगुलपणा, असं मी समजत होते. तो तसाच गेला रे.

आणि आता तू ईस्टरला आला नाहीस. जानेवारीत एरंगळच्या संत बोनाव्हेंचरच्या सणालाही नाही. शेतापेक्षा मला याची धास्ती जास्त आहे. ती सही कुणाची आहे, तेवढं मला सांग.

रागाच्या भरात फार लिहिलं. लहानपणी पाऊस लागला की माझ्या पदराखाली येऊन बसायचास, तुला मी घाबरवू कशी? अहाबाच्या गोष्टीचा शेवटही वाच. त्याने कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला. तेवढ्या वाईट माणसाची मान खाली गेलेली देवाने पाहिली, एलीयाला ते मुद्दाम सांगितलं आणि त्याच्या हयातीत ते अरिष्ट आणणार नाही म्हणाला. तू तर आपला आहेस.

रजिस्ट्री थांबव. बहिणीला स्वतः फोन कर, एजंटाकडून नको. कुमसार करून पाप कबूल करायचं ते त्यानंतर. फादर क्षमेचे शब्द उच्चारतीलच, पण घेतलेलं परत करायला ते आधी सांगतील. बायबलमधला जक्कय तर चौपट द्यायला निघाला होता. तुला फक्त तिचं तिला द्यायचंय.

विसाराची रक्कम खर्च झाली असेल तर लपवू नकोस. माझ्या पाटल्या आहेत, त्या मोडू. आणि ऐकलेलं सगळं खोटं असेल, तर येऊन माझ्यावर हवा तेवढा ओरड. फेरी चुकली तर उत्तनच्या रस्त्याने ये, कितीही उशीर झाला तरी. मी जेवायची थांबेन.

तुझी,
आत्या