पायाला मुंग्या येतात: आधी कोणती तपासणी, किती खर्च?

एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या चालू असताना तळपायांची आग होऊ लागली, चप्पल पायातून निसटली तरी कळेना, की माणूस धास्तावतो आणि उसनवारी करून थेट एमआरआय गाठतो. सोलापूरजवळच्या कुंभारी परिसरातल्या रुग्णांनी तसं करू नये. स्वस्त तपासण्या आधी कराव्यात, कारण बरी होण्याजोगी बरीच कारणं त्यांतच सापडतात.

एचआयव्हीमुळे नसा दुखावतात हे खरं. दोन्ही पायांच्या बोटांपासून बधिरता सुरू होते आणि हळूहळू वर चढते. पण मधुमेह, बी-१२ची कमतरता आणि दारू यांतही अगदी असंच होतं. पूर्वी एआरटीतलं स्टॅव्ह्युडिन घेतलेल्यांना तो त्रास आजही राहिलेला असू शकतो. टीबीची आयसोनियाझिड चालू असेल, तर सोबतची बी-६ची गोळी सुटली का ते पाहा. टीबीवरच्या लिनेझोलिडनेही नसा बिघडतात. सिफिलिस आणि कुष्ठरोगही तपासून घ्यावा.

एकाच पायाचा पंजा लुळा पडत असेल तर गोष्ट वेगळी. कुंभारीतल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायका सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास विड्या वळतात. मांडी घालून बसल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते. वजन घटलेल्यांत जास्तच. असं असेल तर आधी बसण्याची पद्धत बदलावी.

आता खर्च. सोलापूरच्या सिव्हिल रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात गोळ्या, सीडी४ आणि व्हायरल लोड मोफत. अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवून कंप जाणवतो का, हे डॉक्टर मिनिटभरात पाहतात. ही तपासणी मागून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातले उपचार ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत, साखर तिथेच तपासा. खासगीत ढोबळ मानाने साखर १०० रुपयांच्या आसपास, बी-१२ ६०० ते १,२००, नसांची एनसीव्ही २,००० ते ४,००० आणि एमआरआय ५,००० ते ८,०००. कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथेही दर आधी विचारूनच नाव नोंदवा.

वेदनेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन स्वस्त पडते, पण ती डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवी. एआरटीचं पाकीट प्रत्येक डॉक्टरला दाखवा: कार्बामाझेपिनने एआरटीतल्या डोल्युटेग्राविरचा असर घटतो आणि डोल्युटेग्राविरसोबत मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोस बेतावा लागतो. पाय दुखतात म्हणून एआरटी स्वतःहून कधीही बंद करू नका.

दोन-चार दिवसांत पाय लुळे पडले, लघवी अडली, किंवा बधिरता भराभर कमरेकडे सरकली, तर मात्र पैशांचा हिशोब बाजूला ठेवून त्याच दिवशी सिव्हिल गाठा.

हातात पैसा नसेल तर संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितही बसतात. उत्पन्नाची अट आहे, अर्ज तहसीलमध्ये करायचा. एसटीच्या सवलतीसाठी कोणते कागद लागतात ते एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना विचारा. नाव उघड होईल ही भीती असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर आधी बोला. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गुप्त राखणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.